अध्यक्षाची मुदत पाच वर्षे, पण कधीपासून? एका वाचनालयाचं प्रकरण

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ही हकीकत आहे. गावाचं, संस्थेचं, माणसांचं नाव घेतलेलं नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. संस्थांच्या घटना (म्हणजे नियमावली), प्रोसिडिंग (सभांची इतिवृत्तं) आणि चेंज रिपोर्ट (पदाधिकारी किंवा नियम बदलले की धर्मादाय कार्यालयाला द्यायचा अहवाल) बघून देण्याचं काम मी करतो. या प्रकरणात मला मध्यावर बोलावलं गेलं. खरं तर त्याआधीच फोनवर एक वाक्य बोलून मी त्यात ओढला गेलो होतो. तेही पुढे येईलच.

पार्श्वभूमी

वाचनालय मुक्तिसंग्रामानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशी दुहेरी नोंदणी. शासनाच्या वर्गवारीत तालुका 'ब' वर्ग, म्हणजे शासनाचं अनुदान हप्त्यांनी येतं आणि त्यावर ग्रंथपाल, शिपाई, वर्तमानपत्रं, लाइट बिल एवढं कसंबसं भागतं. अलीकडे मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढलेली. सकाळी सहाला पोरं दारात उभी असतात.

घटना टाइपरायटरवर टाइप केलेली, पाच पानांची. त्यातले दोन नियम या प्रकरणाच्या मुळाशी आहेत. एक, 'कार्यकारी मंडळ अकरा जणांचे राहील व मंडळाची मुदत पाच वर्षे राहील.' दुसरा, 'अध्यक्षाची निवड सर्वसाधारण सभा करील. अध्यक्षाची मुदत पाच वर्षे राहील.' बस. पाच वर्षं कधीपासून मोजायची, मधेच जागा रिकामी झाली तर नव्याला किती काळ मिळणार, मुदत संपून निवडणूक झालीच नाही तर कारभार कोणी बघायचा, यावर एक अक्षर नाही.

हा हलगर्जीपणा होता असं मला वाटत नाही. घटना लिहिणाऱ्यांची तरुणपणं हैदराबादच्या ज्या निजामी राजवटीत गेली, तिथे गादीवरचा माणूस १९११ ला बसला आणि १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन झाली तरी निजाम निजामच राहिला. पुढे २६ जानेवारी १९५० पासून तोच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख (राज्यपालासारखं पद) झाला आणि १९५६ ला राज्याची फाळणी होईपर्यंत त्या पदावर होता. त्या पदालाही वर्षांची मोजणी नव्हती. अशा माणसांनी कागदावर 'मुदत पाच वर्षे' लिहिलं, हेच त्यांच्या दृष्टीने मोठं पाऊल होतं. पहिले अध्यक्ष स्वातंत्र्यसैनिक. दर पाच वर्षांनी त्यांची एकमताने निवड व्हायची. मग मुदतीचं गणित कोण कशाला करील?

आता घटनाक्रम. पाच वर्षांपूर्वी जूनच्या वार्षिक सभेत नवं मंडळ निवडून आलं आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांची अध्यक्षपदी निवड झाली. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. मावळते अध्यक्ष आजारी, उपचारासाठी पुण्याला मुलाकडे. दप्तर आणि कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या घरी. त्यामुळे पदभार, नव्या मंडळाची पहिली बैठक आणि बँकेतल्या सह्या बदलणं, सगळं दिवाळी उलटल्यावर नोव्हेंबरात झालं. दोन वर्षं आणि दोन महिने गुरुजींनी काम केलं आणि जानेवारीत हृदयविकाराने गेले. पुढचे पाच महिने उपाध्यक्षांनी सांभाळलं. जूनच्या सभेत गावातल्या एका वकिलांची अध्यक्षपदी निवड झाली. त्या दिवशीचा ठराव मी पुढे अनेकदा वाचला: 'अध्यक्षपदाच्या रिक्त जागी सर्वानुमते निवड करण्यात येत आहे.' कधीपर्यंत, ते नाही. विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो वेळेत गेला आणि मंजूरही झाला. त्यातही मुदतीचा उल्लेख नव्हता.

अडचण

वकीलसाहेबांच्या निवडीला पावणेदोन वर्षं झाली तेव्हा, फेब्रुवारीत, काही सभासदांनी पत्र दिलं. म्हणणं असं: मंडळ ज्या जूनमध्ये निवडून आलं त्याला येत्या जूनमध्ये पाच वर्षं होतात. अध्यक्षासकट सगळ्यांची मुदत संपते, निवडणूक लावा. वकीलसाहेबांचं उत्तर: माझी निवड सभेने केली, नियमात अध्यक्षाची मुदत पाच वर्षं लिहिली आहे, ती माझ्या निवडीपासून मोजा. म्हणजे अजून तीन वर्षं बाकी. तिसरं मत सचिवांचं होतं, ते कोणी फारसं ऐकत नव्हतं. पदभार नोव्हेंबरात घेतला, तर पाच वर्षं नोव्हेंबरात संपतात.

पत्राची एक प्रत बँकेला गेली. तिथून खरा त्रास सुरू झाला. बँकेने कळवलं की अध्यक्ष कोण याबद्दल वाद आहे, तो मिटेपर्यंत खात्यावर व्यवहार करता येणार नाही. अनुदानाचा हप्ता खात्यात पडून आणि ग्रंथपालताईंचा पगार थांबलेला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या टेबलाच्या खणातून एक वही काढून दाखवत होत्या. वर्तमानपत्रवाल्याला दर आठवड्याला दिलेले पैसे, कूलरच्या पंपाचे पैसे, फिनेलची बाटली, सगळं स्वतःच्या पर्समधून, तारखेसकट लिहिलेलं. 'पेपर बंद केला असता तर म्हातारी माणसं सकाळी कुठं गेली असती, सांगा,' एवढंच त्या म्हणाल्या. तीन महिने बिनपगारी.

गावात मात्र चर्चा वेगळ्याच पातळीवर पोचली होती. वकीलसाहेबांच्या बाजूची माणसं राष्ट्रपतींचा दाखला देत होती. मध्येच राष्ट्रपतींचं निधन झालं तर नव्या राष्ट्रपतींना पूर्ण पाच वर्षं मिळतात, उरलेली नाही, मग आमच्या अध्यक्षाला का नाही? पत्र देणारे सरपंचाचा दाखला देत होते. सरपंच मध्येच गेला तर नवा सरपंच उरलेल्या काळापुरताच असतो, हे तर पोराटोरांनाही माहीत आहे.

दोन्ही दाखले खरे आहेत. माणसं खोटं बोलत असती तर हे प्रकरण सोपं होतं.

इथेच माझी चूक. मार्चमध्ये वकीलसाहेबांच्या गटातल्या एकाने मला फोन करून विचारलं, 'राष्ट्रपतींचं कसं असतं हो, मध्ये निवडून आले तर?' मी सांगितलं, 'पूर्ण पाच वर्षं.' त्याने कशासाठी विचारलं ते मी विचारलं नाही. आठ दिवसांत माझ्या नावाने गावभर झालं की तज्ज्ञांनी पूर्ण पाच वर्षं सांगितली आहेत. माहिती बरोबर होती. कोणत्या प्रश्नाला मी ती उत्तर म्हणून देतोय, हे न बघता दिली.

राष्ट्रपतींची मुदत आणि सरपंचाची मुदत

सगळा तिढा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

संविधानात राष्ट्रपतींची मुदत अनुच्छेद ५६ मध्ये आहे. पाच वर्षं, आणि ती पदग्रहण केल्याच्या दिनांकापासून. निवडणुकीचा निकाल कधी लागला, याला महत्त्व नाही. त्याच अनुच्छेदात पुढे आहे की मुदत संपली तरी उत्तराधिकारी पद ग्रहण करेपर्यंत राष्ट्रपती पदावर राहतात. अनुच्छेद ६२ सांगतो की मुदत संपल्यामुळे होणारी निवडणूक मुदत संपण्याआधीच पूर्ण करायची, आणि मृत्यू, राजीनामा किंवा पदावरून दूर केल्यामुळे जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यायची. अशा वेळी निवडून येणारी व्यक्ती नव्याने पूर्ण पाच वर्षांसाठी येते.

कायद्याची भाषा डोक्यात बसत नसेल तर तारखा बघाव्यात. डॉ. राजेंद्र प्रसाद, डॉ. राधाकृष्णन, डॉ. झाकीर हुसेन यांच्या काळात पद बदलण्याचा दिवस १३ मे होता: १९५२, १९५७, १९६२, १९६७. ३ मे १९६९ ला झाकीर हुसेन पदावर असताना गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी काम सांभाळलं, मग निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी महिनाभर पाहिलं, आणि २४ ऑगस्ट १९६९ ला गिरी निवडून येऊन राष्ट्रपती झाले. त्यांना झाकीर हुसेन यांची उरलेली तीन वर्षं नव्हे, स्वतःची पाच मिळाली, म्हणून पुढचा दिवस २४ ऑगस्ट १९७४. त्या दिवशी आलेले फक्रुद्दीन अली अहमद ११ फेब्रुवारी १९७७ ला गेले, बी. डी. जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले आणि २५ जुलै १९७७ ला नीलम संजीव रेड्डी यांनी शपथ घेतली. त्यानंतर प्रत्येक राष्ट्रपतीने मुदत पूर्ण केली, म्हणून आजही शपथ २५ जुलैलाच होते. द्रौपदी मुर्मू यांची २०२२ सालची शपथही त्याच तारखेची. दोन मृत्यूंनी तारीख सरकवली, कारण प्रत्येक वेळी घड्याळ नव्याने सुरू झालं.

उपराष्ट्रपतिपदाचंही असंच. २१ जुलै २०२५ ला जगदीप धनखड यांनी मध्येच राजीनामा दिला आणि १२ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन आले, ते पूर्ण पाच वर्षांसाठी.

मग सरपंचाला उरलेला काळ का? कारण सरपंचाचं घड्याळ स्वतःचं नाही, ग्रामपंचायतीचं आहे. पंचायतीची पाच वर्षं पहिल्या बैठकीसाठी ठरवलेल्या दिनांकापासून मोजतात, आणि ती संपली की सरपंच, उपसरपंच, सदस्य सगळे एकदम जातात. राज्यसभेच्या पोटनिवडणुकीत निवडून आलेला सदस्यही उरलेल्या काळापुरताच असतो, कारण दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होण्याचं चक्र मोडता येत नाही.

राष्ट्रपती अशा कुठल्याही सभागृहाच्या घड्याळाला बांधलेले नाहीत. लोकसभा विसर्जित झाली तरी ते राहतात. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा विसर्जित होती, तेव्हा तिथले आमदार मतदार नसताना राष्ट्रपतींची निवडणूक घ्यावी का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे विचारार्थ गेला. न्यायालयाने सांगितलं, मावळत्या राष्ट्रपतींची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, एखादी विधानसभा नाही म्हणून ती थांबत नाही.

तेव्हा प्रश्न राष्ट्रपती की सरपंच हा नव्हताच. या वाचनालयाच्या अध्यक्षाचं घड्याळ स्वतःचं आहे की मंडळाचं, हा होता. आणि तो दिल्लीच्या दाखल्याने सुटणारा नव्हता, वाचनालयाच्या कपाटातल्या कागदांवरूनच सुटणार होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय धर्मादाय कार्यालयाचा. एका गटाने निवडणूक घ्यायची, चेंज रिपोर्ट टाकायचा, दुसऱ्याने हरकत घ्यायची, मग साक्षीपुरावे. किंवा त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१अ खाली निर्देश मागायचे. मार्ग कायदेशीर आहे, पण अशा अर्जांत तारखा किती पडतात हे मी जवळून बघतो. तेवढा काळ खातं बंद म्हणजे वाचनालय बंद. वकीलसाहेबांना मात्र हाच रस्ता जवळचा वाटत होता. कायद्याचा अर्थ सभेत हात वर करून ठरत नाही, हे त्यांचं म्हणणं तत्त्वतः मला पटतं.

दुसरा, वकीलसाहेबांनी राजीनामा द्यावा आणि नव्याने निवड व्हावी. पत्र देणाऱ्यांना हा हवा होता. मी त्याच्या विरोधात होतो. दबाव आणला की अध्यक्ष राजीनामा देतो, अशी रीत एकदा पडली तर पुढच्या प्रत्येक अध्यक्षावर ती वापरली जाते. शिवाय मूळ प्रश्न तसाच राहतो.

तिसरा, काहीच न करणं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, 'कामून एवढी घाई करायलात? तीन वर्षं काय, हां हां म्हणता जातील.' ग्रंथपालताईंची वही बघितल्यावर या पर्यायाचा विचार मी सोडून दिला.

चौथा, विशेष सर्वसाधारण सभा बोलावून जुन्या नियमाचा अर्थ आधीच्या प्रथेच्या आधारे ठरवायचा, आणि घटनादुरुस्ती वेगळ्या सभेत, वेगळ्या दिवशी. दोन्ही गोष्टी एकाच सभेत घेतल्या असत्या तर आताच्या माणसाला काढायला किंवा ठेवायला नियम बदलला, असा आरोप झाला असता, आणि तो खोटा नसता. आणीबाणीत लोकसभेने स्वतःची मुदत वाढवून घेतली, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने पाचाची सहा वर्षं झाली आणि १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने ती परत पाच केली. बसलेल्याने स्वतःच्या खुर्चीची मुदत ठरवायची नाही, हे या देशाने किंमत मोजून शिकलेलं आहे.

काय केलं

पहिलं काम खात्याचं. दोन्ही गटांना एकत्र बसवून फक्त एवढ्यावर सह्या घेतल्या: अध्यक्ष कोण हा वाद बाजूला ठेवून पगार, लाइट बिल आणि वर्तमानपत्रं यांचे व्यवहार सचिव आणि कोषाध्यक्षांच्या सहीने व्हावेत, यास दोघांचीही हरकत नाही. मंडळाचा तसा ठराव आणि दोन्ही बाजूंचं पत्र बँकेला दिलं. बँकेने तेवढ्यापुरतं मान्य केलं. या एका कागदाला बारा दिवस लागले, पण ग्रंथपालताईंचा थकलेला पगार जमा झाल्यावर दोन्हीकडचे आवाज खाली आले. आधी हे करायचं आणि मग वादाला हात घालायचा, हा निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं.

दुसरं काम प्रोसिडिंग बुकं वाचण्याचं. लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर जुनी पाच बुकं होती, सर्वांत जुन्याची खालची कड वाळवीने खाल्लेली. सचिव आणि मी दोन दुपारी बसून पान न पान वाचलं. आम्हाला पूर्वी कधी मध्येच अध्यक्षपद रिकामं झालं होतं का, ते बघायचं होतं. झालं होतं. फार वर्षांपूर्वी गावातले डॉक्टर अध्यक्ष असताना त्यांनी गाव सोडलं आणि राजीनामा दिला. त्यांच्या जागी एका व्यापाऱ्याची निवड झाली. त्या ठरावातही 'उर्वरित काळाकरिता' असे शब्द नव्हते. पण दीड वर्षानंतरच्या सभेचं इतिवृत्त उघडलं तर मंडळाची नवी निवड झाली होती, आणि पहिल्या क्रमांकावर अध्यक्षपदासाठी त्याच व्यापाऱ्याचं नाव सुचवून, अनुमोदन घेऊन, पुन्हा निवड केलेली होती. त्याच्या निवडीला पाच वर्षं झाली नव्हती, दीडच झालं होतं. म्हणजे मंडळाबरोबर अध्यक्षाची मुदतही संपते, असं त्या काळच्या सभासदांनी धरलं होतं. माणूस तोच राहिल्यामुळे ही प्रथा कोणाच्या लक्षात राहिली नाही, इतकंच.

दुसरी नोंद सुरुवातीच्या दिवसाबद्दल सापडली. एका जुन्या मंडळाने पाच वर्षांचा हिशेब 'प्रथम बैठकीपासून' असा धरला होता. संविधानातही लोकसभेची पाच वर्षं पहिल्या बैठकीसाठी ठरवलेल्या दिनांकापासूनच मोजतात, हे मी सभेत जोडून सांगितलं, पण आधार म्हणून बुकातलं पानच पुढे केलं.

सभेआधी सभासद यादी साफ करावी लागली. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेला सभासद मत देऊ शकत नाही, त्याची सभासद म्हणून गणतीही होत नाही. यादीतली बरीच नावं थकबाकीदार निघाली, दोन्ही गटांतली. वर्गणी भरायला पंधरा दिवसांची मुदत देऊन सूचना फलकावर नोटीस लावली आणि प्रत्येकाला टपालानेही पाठवली.

मे महिन्यातली सभा संध्याकाळी सहाला ठेवली, उन्हामुळे. अभ्यासिकेतली पोरं खुर्च्या लावायला आली आणि मागे उभी राहिली. सुरुवातीला मी उभा राहून सांगितलं की मार्चमधलं फोनवरचं वाक्य माझंच आहे, राष्ट्रपतींबद्दल ते बरोबर आहे, आणि या संस्थेबद्दल ते माझं मत नव्हतं, आजही नाही. मग डॉक्टरांच्या राजीनाम्याचं आणि दीड वर्षानंतरच्या निवडीचं अशी दोन पानं सचिवांनी मोठ्याने वाचली.

वकीलसाहेब उठले. त्यांनी विचारलं, 'नियमात मंडळाची मुदत वेगळी आणि अध्यक्षाची मुदत वेगळी लिहिली आहे. दोन्ही एकच असतील तर दोनदा कशाला लिहिली?' प्रश्न नेमका होता. कायद्यात कुठलाही शब्द उगीच लिहिलेला नसतो, असंच धरून चालतात. मी म्हणालो, दोनदा लिहिली म्हणून दोन घड्याळं, हा एक अर्थ निघतो, पण अध्यक्ष या अकरांपैकीच एक असतो, हेही त्याच घटनेत आहे. मंडळाची मुदत संपली की तो मंडळाचा सदस्य राहत नाही. मग तीन वर्षं तो कुठल्या मंडळाचा अध्यक्ष? नव्या मंडळाचा म्हणाल, तर त्यात तो निवडून आलेलाच नाही. यावर ते जरा थांबले. नंतर म्हणाले, 'हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.' मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली, तर वकीलसाहेबांच्या विरोधातल्याच एका आजोबांनी त्याला बस म्हणून खुणावलं.

मतदान झालं. बहुमताने ठरलं: अध्यक्षाची मुदत मंडळाबरोबर, आणि मंडळाची मुदत नोव्हेंबरातल्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं. कोणाचंही मूळ म्हणणं जसंच्या तसं टिकलं नाही. सचिवांचं टिकलं, जे कोणी ऐकत नव्हतं.

निष्पत्ती

जूनच्या वार्षिक सभेत घटनादुरुस्ती झाली. मंडळाची मुदत पहिल्या बैठकीपासून, आणि निवडीनंतर तीस दिवसांत पहिली बैठक झालीच पाहिजे, म्हणजे किल्ल्या अडकून राहिल्या म्हणून पाच महिने जाणार नाहीत. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करायची. मध्येच आलेला पदाधिकारी उरलेल्या काळापुरता, आणि तसं ठरावात दिनांकासह लिहायचं. निवडणूक काही कारणाने लांबली तर जुन्या मंडळाने नव्वद दिवसांपर्यंत फक्त रोजचं काम बघायचं. नवी भरती नाही, बांधकामाचा ठेका नाही. राष्ट्रपतींच्या बाबतीत उत्तराधिकारी येईपर्यंत पदावर राहण्याची जी तरतूद आहे तिला अशी वेळेची मर्यादा नाही, पण तिथे निवडणूक आयोग आहे. छोट्या संस्थेत अशी मोकळीक दिली तर तीच कायमची मुदत होऊन बसते.

एक सूचना नामंजूर झाली, सलग दोनपेक्षा जास्त वेळा अध्यक्ष होता येणार नाही, ही. अमेरिकेत रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यानंतर १९५१ मध्ये २२वी दुरुस्ती आली आणि दोनदाची मर्यादा घातली गेली. आपल्याकडे अनुच्छेद ५७ प्रमाणे राष्ट्रपती पुन्हा निवडणूक लढवू शकतात, मर्यादा नाही, तरी दोन पूर्ण मुदती मिळाल्या त्या फक्त राजेंद्र प्रसाद यांना. सभासदांचं म्हणणं होतं की तालुक्याच्या गावात काम करायला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याला का अडवायचं? मी सूचनेच्या बाजूने होतो आणि आहे. मुदत किती वर्षांची, हा एक प्रश्न. एकच माणूस ती किती वेळा घेऊ शकतो, हा दुसरा. पहिला सुटला, दुसरा राहिला.

निवडणूक ऑक्टोबरात झाली, कित्येक वर्षांनी प्रथमच चिठ्ठ्या टाकून. वकीलसाहेब उभे राहिले आणि थोड्या मतांनी हरले. त्यांच्या गटातल्या एका सभासदाने घटनादुरुस्तीच्या चेंज रिपोर्टवर हरकत घेतली आहे, ती हे लिहीत असताना प्रलंबित आहे. दोन जुन्या सभासदांनी वाचनालयात येणं बंद केलं. ग्रंथपालताईंनी पर्समधून खर्च केलेली रक्कम मंडळाने नंतर मंजूर केली, पण त्यातली एक पावती हरवल्यामुळे कूलरच्या पंपाचे पैसे त्यांना मिळाले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी होती गुरुजी गेल्यानंतरच्या जूनमध्ये. ठरावात 'अमुक दिनांकापर्यंत' एवढे दोन शब्द असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्या दिवशी सभेत दुःख होतं, मुदतीची भाषा कोणाला अशोभनीय वाटली असेल. मला ते समजतं. तरीही मृत्यूनंतरच्या ठरावातच ती सर्वांत जास्त लागते.

दुसरी संधी चेंज रिपोर्टच्या वेळी. तो भरून देणाऱ्याने मुदत विचारली असती तर उत्तर नाही हे तेव्हाच दिसलं असतं. अर्जासोबतच्या परिशिष्टात मी आता नेहमी नव्या पदाधिकाऱ्याच्या नावापुढे मुदत संपण्याचा दिनांक लिहून घेतो.

पत्र देणाऱ्यांनी बँकेला प्रत पाठवायला नको होती, असं त्यांच्यापैकी दोघांनी मला नंतर सांगितलं. दबावासाठी पाठवली होती. तिचा भार अध्यक्षांवर पडला नाही, ज्या बाईचा या वादाशी काही संबंध नव्हता तिच्यावर पडला. आणि माझ्यापुरतं म्हणाल तर, आता कोणीही राष्ट्रपतींची मुदत विचारली की मी आधी विचारतो, कोणत्या संस्थेसाठी?

नोव्हेंबरात नव्या अध्यक्षांनी पदभार घेतला तेव्हा मी हजर होतो. वकीलसाहेब स्वतः किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. सचिवांनी नवं प्रोसिडिंग बुक उघडलं, पहिल्या बैठकीचा दिनांक लिहिला, वेळ लिहिली, सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे. मग त्याच ओळीत, थोडी जागा सोडून, मुदत समाप्तीचा दिनांक. जुन्या आणि नव्या, दोन्ही अध्यक्षांनी त्या ओळीखाली सही केली. मागच्या खोलीतलं एक पोरगं पाणी घ्यायला आलं होतं. त्याने वाकून ती ओळ वाचली आणि परत अभ्यासाला गेलं.